वारुळावरचे टेकोडे

वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेला आर्वी, आष्टी, कारंजा या तालुक्यांत सातपुड्याचे फाटे उतरले आहेत. पावसाळ्यात चार दिवस झड लागून ऊन पडले, की तिथल्या टेकड्यांवर वारुळांच्या आसपास पांढऱ्या छत्र्या वर येतात. गावात त्यांना टेकोडे म्हणतात, गोंदिया-गडचिरोलीकडे सात्या, पुस्तकात अळंबी किंवा भूछत्र. त्या वेचायला मोठ्या माणसांबरोबर मूलही जाते. कोणती घ्यायची, कोणती सोडायची आणि कोणत्या वारुळाशी पुढच्या वर्षी पुन्हा यायचे, हे ते तिथेच शिकते. या शिक्षणाला वही नाही. मग याचा इतिहास कुठे शोधायचा?

जुन्या ग्रंथांत दोन वेगळे सूर ऐकू येतात. मनुस्मृतीने द्विजांना छत्राक निषिद्ध ठरवले. आज विज्ञानाच्या पुस्तकात आपण वापरतो तो ‘कवक’ हा शब्दही तिथल्या निषेधांच्या यादीत आहे. सुश्रुतसंहितेने मात्र पेंढ्यावर, उसावर, शेणावर, बांबूवर आणि जमिनीवर उगवणाऱ्या छत्र्या वेगवेगळ्या सांगितल्या. कशावर उगवते त्यावरून ओळखायचे, ही रानात जाणाऱ्याची नजर आहे.

पण छत्री उगवते कशी? ना बी, ना रोप. मेघगर्जनेने अळंबी फुटते, ही समजूत आपल्याकडे आहे, तशी प्राचीन रोममध्येही होती. १७२९ साली फ्लॉरेन्सच्या मिकेली यांनी बुरशीचे बीजाणू खरबुजाच्या फोडींवर पेरले आणि त्यातून तीच बुरशी उगवलेली दाखवली. गर्जनेची गरज उरली नाही.

वारुळाचे कोडे सुटायला आपल्याच देशातील निरीक्षण उपयोगी पडले. लिनियसचे शिष्य कोनिग हे तंजावर भागात वाळवीची घरटी उकरून पाहत होते. १७७९ साली बर्लिनमध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. घरट्यातील बुरशी हे वाळवीच्या पिलांचे अन्न असावे, असा त्यांचा तर्क होता. १९०६ साली श्रीलंकेत पेच यांनी या बुरशीचा सविस्तर अभ्यास मांडला. १९४२ साली फ्रेंच शास्त्रज्ञ रॉजर हाइम यांनी या छत्र्यांना टर्मिटोमायसिस, म्हणजे ‘वाळवीची बुरशी’, असे प्रजातीनाम दिले.

घडते ते असे. कामकरी वाळवी लाकूड, पाने, काटक्या खाते आणि आपल्या विष्ठेतून जमिनीखाली स्पंजासारखे पोळे रचते. त्यावर बुरशी वाढते. लाकडातले जे वाळवीला पचवता येत नाही, ते बुरशी मऊ करते. पोळ्यावर बारीक पांढरे दाणे येतात. ते आणि जुने झालेले पोळे वाळवी खाते. पावसाळ्यात या पोळ्यातून मुळासारखा लांब दांडा माती भेदून वर येतो, तेच आपले टेकोडे. ही शेती आफ्रिकेत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. माणसाची शेती जेमतेम १० ते १२ हजार वर्षांची. धिंगरी आपण पेंढ्यावर सहज पिकवतो, पण या छत्रीची व्यापारी लागवड अजून माणसाला साधलेली नाही. म्हणून वारूळ फोडणे म्हणजे पुढच्या वर्षीचे पीक बुडवणे.

वर्गात आपण शिकवतो की अळंबी मृतोपजीवी असते. पुष्कळ अळंब्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण मागच्या बाकावरचे एखादे मूल म्हणेल, ‘गुरुजी, आमचे टेकोडे तर वारुळातूनच येतात.’ त्याला गप्प बसवले तर सहजीवनाचे उत्तम उदाहरण आपण गमावतो, आणि घरून आणलेले ज्ञान शाळेत चालत नाही, हा चुकीचा धडा मात्र ते शिकते.

मात्र एका बाबतीत शिक्षकाने ठाम राहावे. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला तर छत्री विषारी, किड्याने खाल्लेली ती चांगली, या सर्व परीक्षा खोट्या आहेत. काही छत्र्यांचे विष शिजवूनही जात नाही. त्याची लक्षणे सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात आणि तोवर यकृताला इजा सुरू झालेली असते. लहान मुलाला थोडेसे विषही भारी पडते. पूर्ण ओळख असलेल्या जाणत्याशिवाय एकही छत्री स्वयंपाकघरात जाऊ नये.

शाळेत करण्यासारखे एवढे आहे. शिक्षकाने स्वतः आणलेल्या छत्रीचा दांडा कापावा, ती अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पापुद्रे खाली करून ठेवावी आणि रात्रभर वाटीने झाकावी. सकाळी बीजाणूंचा ठसा उमटलेला दिसेल. टेकोड्यांचा ठसा फिकट गुलाबीसर येतो, तर तशाच पांढऱ्या दिसणाऱ्या एका विषारी छत्रीचा हिरवट. नुसत्या ठशावरून खाण्याचा निर्णय घेता येत नाही, हे मुलांना आधी सांगावे. प्रयोगानंतर छत्री पुरून टाकावी, हात धुवावेत. आणि गावातल्या एखाद्या जाणत्या आजीला वर्गात बोलवून तिची ओळखीची लक्षणे मुलांकडून लिहून घ्यावीत. या ज्ञानाची ती पहिली वही ठरेल.