तोतया आणि फासा

१९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा एक विलक्षण खेळ प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक गडी एकेका काल्पनिक पुरुषाची भूमिका घेतो, एकजण सूत्रधार होतो आणि संशयाच्या प्रसंगाचा निकाल फासा लावतो. परवां आमच्या घरीं मुलांचा हा डाव चालला असतां एका गड्यानें राजाचें बनावट आज्ञापत्र दाखवून किल्ल्याचा दरवाजा उघडून घेतला. आम्हांस कुतूहल वाटून आम्हीं या खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीचे नियम चाळले आणि त्यांत मनुष्यस्वभावाचें मार्मिक ज्ञान पाहून चकित झालों.

बनावट लेखाचा फासा सूत्रधारानें गुप्तपणें टाकावयाचा. आपली लबाडी कितपत साधली हें लबाडासहि कळतां कामा नये. दुसऱ्याचें सोंग घेतलें, तर त्या दुसऱ्यास केवळ ओळखणाऱ्याच्या फाशांत ४ मिळवावयाचे, निकट सहवासांतल्या माणसाच्या फाशांत १०. परंतु ऐकणाराच विश्वास ठेवण्यास उत्सुक असेल, तर त्याच्या फाशांतून ५ वजा होतात! हा शेवटचा नियम वाचतांच आम्हांस पेशवाईंतील तोतयाची आठवण झाली.

१४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयीं सर्वांची खात्री कधींच पटली नाहीं. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं तर वैधव्य पत्करलेंच नाहीं. अशा वेळीं उत्तरेकडील एक कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून पुढें आला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत चौकशी होऊन तो तोतया ठरला आणि कैदेंत पडला. येथें प्रकरण मिटावयास हवें होतें. पण तें मिटलें नाहीं.

१७७६ सालीं रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यानें त्यास बंधमुक्त करून त्याचा पक्ष उचलला. पाहतां पाहतां कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले आणि हजारों लोक त्याच्या निशाणाखालीं जमले. एवढे लोक फसले कसे? काळ पाहिला म्हणजे उलगडा होतो. १७७३ त नारायणरावांचा खून झालेला, गादीवर दोन वर्षांचें मूल, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयास गेलेले, आणि कारभार नाना फडणीस व सखारामबापू यांच्या हातीं. कर्ता पुरुष परत यावा, ही लोकांची इच्छा होती. तोतयानें त्या इच्छेवर केवळ आपलें नांव लिहिलें. शिवाय ज्यांना कारभाऱ्यांचा राग होता, त्यांस भाऊ खरा कीं खोटा हें तपासण्याची निकड नव्हती. तो उपयोगी पडला म्हणजे पुरे.

अखेर महादजी शिंदे यांच्या फौजेपुढें त्याचा मोड झाला. पळून जातांना तो रघूजी आंग्र्यांच्या हातीं सांपडला व पुण्यास आणला गेला. त्यास पकडल्यावर तेथेंच संपविणें सोपें होतें. परंतु पूर्वीचा निकाल कैदखान्याच्या भिंतींत राहिल्यामुळेंच लोकांच्या मनावर ठसला नाहीं, हें कारभाऱ्यांच्या ध्यानीं आलें असावें. म्हणून पुन्हां चौकशी झाली, तींत रामशास्त्र्यांसारख्यांचें वजन पडलें. आणि मगच १७७६ च्या डिसेंबरांत त्यास देहांत शासन झालें.

खेळांतला फासा एकदां पडला कीं वाद संपतो. राज्यांत तसें होत नाहीं. न्यायाधीशाची खात्री पटून भागत नाहीं. ज्यांनीं विश्वास ठेवला त्यांची खात्री पटावी लागते. खोट्या मुद्रेची परीक्षा करणें हें कारकुनाचें काम आहे. खोट्या आशेची परीक्षा मात्र ज्याची त्यानेंच करावयाची असते, आणि ती फार कठीण असते.

चौकशीनें एवढेंच सिद्ध झालें कीं, हा मनुष्य भाऊ नव्हे. भाऊ नाहींत, हें ती सिद्ध करूं शकली नाहीं. त्यानंतरहि सात वर्षें, १७८३ मध्यें देह ठेवीपर्यंत, पार्वतीबाईंच्या कपाळावरचें कुंकूं तसेंच होतें.