दाढेतील दातांच्या रंगाचे फिलिंग
दाढेतील कीड काढल्यावर पोकळी दाताच्याच रंगाच्या कॉम्पोझिट रेझिनने भरता येते. पारामिश्रित चांदीच्या तुलनेत त्यासाठी दात कमी कोरावा लागतो. मात्र या कामाला ओलावा मुळीच चालत नाही. म्हणून रबर डॅम लावून दाढ लाळेपासून अलग ठेवतात. फॉस्फोरिक आम्लाने पृष्ठभाग खरखरीत करून त्यावर बाँडिंग द्रव लावतात. निळ्या प्रकाशाने कडक होताना रेझिन किंचित आकसते; त्यामुळे ते साधारण २ मिलिमीटरच्या थरांनी भरतात. ‘बल्क-फिल’ प्रकारात ४ मिलिमीटरपर्यंतचा थर चालतो. दोन दाढांमधील भिंत उभारताना वक्र धातुपट्टी, पाचर व स्प्रिंगचे कडे वापरतात. अन्यथा तेथे अन्न अडकत राहते. घाईने केलेल्या फिलिंगच्या कडेला फट राहिल्यास पुन्हा कीड लागू शकते. म्हणूनच खुर्चीवरची थोडी अधिक वेळ ही रुग्णाच्याच हिताची असते.