नववी चिप

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी असेम्बल्ड पीसी होता त्यांना 'तीन बीप' म्हटलं की लगेच आठवेल. बटण दाबायचं, पंखा फिरायला लागायचा, स्क्रीन काळीच, आणि आतून टूं-टूं-टूं. एएमआयच्या बायॉसमध्ये दोन बीप म्हणजे पॅरिटी एरर आणि तीन बीप म्हणजे पहिल्या ६४ केबी मेमरीत गडबड. मग कोणीतरी जाणकार कॅबिनेट उघडायचा, रॅमची पट्टी काढून तिचे कॉन्टॅक्ट्स खोडरबरने घासायचा आणि परत बसवायचा. बऱ्याचदा मशीन सुरूही व्हायचं!

पण मुळात मशीनला कसं कळायचं की आपली मेमरी बिघडली आहे? आणि नंतर त्याने हे सांगणं जवळजवळ बंद का केलं?

सुरुवात करू १२ ऑगस्ट १९८१ पासून. त्या दिवशी आयबीएमने आपला पीसी, म्हणजे मॉडेल ५१५०, जाहीर केला. सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये रॅम होती १६ केबी. (व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका 'गुड मॉर्निंग' फोटोला याच्या कितीतरी पट जागा लागते.) ही मेमरी मदरबोर्डवर सुट्ट्या चिप्सच्या रांगांमध्ये असायची. एका बाइटचे आठ बिट्स आठ वेगवेगळ्या चिप्समध्ये, म्हणजे एका रांगेत आठ चिप्स पुरेत. आयबीएमने बसवल्या नऊ.

या नवव्या चिपचं काम एकच. बाइट लिहिताना त्यातले '१' मोजायचे आणि एकूण संख्या विषम होईल असा एक जादा बिट ठेवायचा. वाचताना परत मोजायचं. जमलं नाही तर एखादा बिट उलटलाय हे नक्की. मग स्क्रीनवर 'पॅरिटी चेक १' किंवा 'पॅरिटी चेक २' एवढंच यायचं आणि मशीन जागच्या जागी थांबायचं. १ म्हणजे मदरबोर्डवरची मेमरी, २ म्हणजे वरून लावलेल्या कार्डावरची. सेव्ह न केलेलं पत्र गेलं ते गेलंच.

हा अतिरेक वाटेल, पण काळ बघा. १९७८ मध्येच इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिलं होतं की चिपच्या वेष्टनात असलेल्या युरेनियम-थोरियमच्या अंशातून अल्फा कण निघतात आणि धडधाकट चिपमधलेही बिट उलटवतात.

पॅरिटीचा पहारा मशीन चालू असताना. त्याआधी, सुरू होतानाच, एक परीक्षा असायची. बायॉस प्रत्येक जागी ०१०१०१०१, १०१०१०१० असे नमुने लिहून परत वाचायचा. फरक पडला की स्क्रीनवर, उदाहरणार्थ, '०४२० २०१'. यात २०१ म्हणजे मेमरी एरर. ०४ म्हणजे १६ केबीच्या रांगांपैकी दुसरी. २० हा हेक्समधला आकडा कोणता बिट चुकला ते सांगतो, इथे पाचवा (मोजणी अर्थातच शून्यापासून). म्हणजे मशीन स्वतःच सांगतंय की अमुक रांगेतली अमुक चिप बदला! शेवटचे दोन आकडे ०० आले तर बिघाड खुद्द नवव्या चिपचा.

दुरुस्तीही तितकीच सरळ. आधी बोर्डवरचे छोटे स्विच तपासायचे, कारण मेमरी किती आहे हे मशीनला तेच सांगत. आहे त्यापेक्षा जास्त मेमरी सेट केली की नसलेल्या चिप्सबद्दल २०१ ची बोंब. मग सॉकेटमधल्या चिप्स अंगठ्याने दाबायच्या, कारण रोज गरम-थंड होऊन त्या हळूहळू वर सरकत. तरी भागलं नाही तर संशयित चिप आणि शेजारची चिप यांची अदलाबदल करायची. एररचा आकडा बदलला तर चिप खराब, नाही तर सॉकेट किंवा बोर्ड. आपण आज डीबगिंग करताना दुसरं काय करतो? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बग कुठे सरकतो ते बघायचं.

जाता जाता एक गंमत. ही परीक्षा फार वेळखाऊ होती आणि पीसी बनवणाऱ्या टीमलाच मशीन सारखं रीस्टार्ट करावं लागे. म्हणून डेव्हिड ब्रॅडलीने कंट्रोल-ऑल्ट-डिलीट बनवलं. त्या तीन कीज दाबल्या की मेमरीत एका ठरावीक जागी हेक्समध्ये १२३४ लिहिलं जातं, आणि ते दिसलं की बायॉस मेमरीची परीक्षा गाळतो.

आता मुद्द्याची गोष्ट, पैसा. आठाऐवजी नऊ चिप्स म्हणजे साडेबारा टक्के जास्त. १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशमध्ये पॅरिटी नव्हतीच, फक्त सुरुवातीची परीक्षा होती. पीसीमध्ये मात्र नववी चिप टिकून होती. मग जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिप्सच्या वेष्टनाला लागणारं रेझिन तिथे बनायचं. रॅमचे भाव भडकले.

याच दशकात बाजारात एक भन्नाट माल फिरत होता, 'लॉजिक पॅरिटी'. रॅमच्या पट्टीवर नववी चिप दिसायची, पण ती मेमरी नव्हतीच! मशीनने पॅरिटी बिट मागितला की ती त्याच क्षणी आठ बिट्स मोजून बरोबर उत्तर तयार करायची. बिट उलटलेला असला तरी उलटलेल्या बिटांशी जुळणारं. म्हणजे रात्रभर झोपा काढून सकाळी वहीत 'सब ठीक' लिहिणारा वॉचमन. १९९५ मध्ये इंटेलचा ४३०एफएक्स चिपसेट आला, त्यात पॅरिटीची सोयच नव्हती. घरगुती पीसीतून नववी चिप गेली आणि कोणी फारशी तक्रार केली नाही. उलट 'पॅरिटी चेक'चे त्रासदायक मेसेज बंद झाले, बरंच झालं!

चुका मात्र बंद झाल्या नव्हत्या. त्या आता निळ्या स्क्रीनच्या, न उघडणाऱ्या झिप फाइलच्या, अर्ध्यातून करड्या झालेल्या फोटोच्या रूपात यायला लागल्या आणि दोष कधी विंडोजवर, कधी व्हायरसवर जाऊ लागला.

सर्व्हरच्या जगात उलटं झालं. बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंगने १९५० मध्येच चूक नुसती ओळखणारं नाही, तर दुरुस्त करणारं कोडिंग मांडलं होतं. ६४ बिट्सना ८ जादा बिट्स दिले की एक उलटलेला बिट सुधारता येतो आणि दोन उलटले तर निदान कळतं. गणित बघा, ६४ ला ८ म्हणजे परत आठाला एक. तीच नववी चिप, तोच खर्च, पण काम कितीतरी जास्त. यालाच ईसीसी म्हणतात. २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हर्सवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीन्समध्ये मेमरीची एक तरी चूक सापडली होती. हे मोजता आलं, कारण तिथे मोजणारी चिप होती. तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर मोजणार कोण?

डीडीआर५ मध्ये चिपच्या आतल्या आत दुरुस्तीची सोय आली आहे, पण चिप ते प्रोसेसर या वाटेवरच्या चुका तिला दिसत नाहीत. त्यामुळे ऑफिसच्या सर्व्हरवरचे लॉग्ज ईसीसीच्या पहाऱ्यात, आणि घरचे लग्नाचे फोटो, आई-बाबांचे मेडिकल रिपोर्ट्स, टॅक्सचे कागद बहुतेकांकडे बिनपहाऱ्याचे.

तेव्हा घरचा जुना पीसी बीप करत असेल किंवा उगाच लटकत असेल तर फॉरमॅट मारायच्या आधी रॅम बघा. प्लग काढा, एका वेळी एकच पट्टी लावा, स्लॉट बदला, कॉन्टॅक्ट्स हलक्या हाताने पुसा. पावसाळ्यात तर हे आधी करा. मग मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवा. ख्रिस ब्रेडीने १९९४ पासून लिहिलेला हा प्रोग्रॅम १९८१ च्या बायॉससारखंच काम करतो : नमुना लिहा, परत वाचा, ताडून पाहा. एक जरी लाल ओळ आली तरी ती पट्टी बदला, आणि मशीन त्या पट्टीवर चालत असताना घेतलेले बॅकअप एकदा उघडून बघा.