उच्च उत्पन्न आणि व्यक्तिगत बचत : मुंबई इलाख्यातील कापूस-तेजीचा अनुभव (१८६१-१८६५)

प्रस्तावना
उत्पन्न वाढले की बचत आपोआप वाढते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उत्पन्नवाढीच्या मानाने उपभोगखर्च कमी वाढतो, असे केन्स यांनी १९३६ मध्ये प्रतिपादन केले; तर माणूस कायम वाटणाऱ्या उत्पन्नानुसार खर्च ठरवतो, असे मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये मांडले. प्रस्तुत लेखात हे विचार एका ऐतिहासिक अनुभवाच्या आधारे तपासले आहेत.

शहरातील तेजी
१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला. हिंदुस्थानी कापसाचे भाव कडाडले व मुंबईत अल्पावधीत अमाप पैसा आला. हा पैसा सुरक्षित ठेवींत स्थिरावला नाही. नव्या बँका आणि बॅक बेसारख्या समुद्रभरणीच्या कंपन्या यांच्या शेअरांकडे तो वळला. शेअर तारण ठेवून कर्ज मिळे व त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात. कागदावरील वाढते मूल्य हीच बचत समजली गेली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे अग्रणी व्यापारी बुडाले. बँक ऑफ बॉम्बेही १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. प्रेमचंदांच्या संपत्तीतून टिकले ते मुंबई विद्यापीठास तेजीतच दिलेले दान; राजाबाई टॉवर त्याची साक्ष देतो.

ग्रामीण भागातील परिणाम
तेजीत शेतकऱ्याची पत वाढली, म्हणून सावकाराने हात सैल सोडला. त्यातच चढ्या भावांच्या काळात फेरआकारणी होऊन शेतसारा वाढला. भाव उतरले, सारा आणि कर्ज मात्र राहिले. मे १८७५ मध्ये सुपे येथे उठाव होऊन पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत कर्जरोखे जाळले गेले, त्यामागे हेही एक कारण होते. टपाल कार्यालयातील बचत बँक १८८२ मध्ये आली. तेजीच्या काळात खेड्यात ठेवीची अशी सोय नव्हती.

निष्कर्ष
तात्पुरते उत्पन्न बचतीत जावे, हे फ्रीडमन यांच्या विचारातून निघते. परंतु ते तात्पुरते आहे हे मिळवणाऱ्याने ओळखले तरच. मुंबईकरांनी तेजी कायमची मानली, तर शेतकऱ्याला शिल्लक ठेवण्यास सुरक्षित जागाच नव्हती. म्हणजे बचत केवळ उत्पन्नाच्या आकारावर ठरत नाही. उत्पन्नाच्या स्थैर्याविषयीची जाण व विश्वासार्ह संस्था यांवरही ती अवलंबून असते. वेतन आयोगाची थकबाकी एकरकमी हाती येणाऱ्या पगारदार वर्गानेही हा अनुभव विचारात घेणे उचित ठरेल.