मिरवणे

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, पालमच्या विमानतळालगत द्वारका ही उपनगरी वसली आहे. नोकरीच्या निमित्ताने गेलेली मराठी माणसे तेथेही गणपती बसवितात. विसर्जनाच्या दिवशी ढोल वाजू लागला की शेजारी म्हणतात, ‘शोभायात्रा निघाली’; आपण म्हणतो, ‘मिरवणूक निघाली’. प्रसंग एकच, पण हिंदीने शोभा आणि यात्रा असे दोन शब्द जोडले, तर मराठीने शोभणे आणि चालणे ही दोन्ही कामे ‘मिरवणे’ या एका क्रियापदावर सोपविली. ती त्याच्याकडे कशी आली, हे पाहण्याजोगे आहे.

सन 1290 मध्ये सिद्धीस गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या आरंभीच हे क्रियापद भेटते, आणि तेही गणेशाच्याच वर्णनात. वेद ही गणेशाची मूर्ती आणि अक्षरे हे तिचे निर्दोष शरीर, ते तेथे ‘मिरवत’ आहे, असे ज्ञानदेव सांगतात. तेथे पालखी नाही, वाजंत्री नाही, कोणी कोठे निघालेलेही नाही. मिरवणे म्हणजे तेथे झळकणे, आपल्याच तेजाने शोभणे.

शेजारच्या भाषांकडे कान दिला, तर या तेजाचे मूळ उमगते. कन्नडमध्ये ‘मेरे’ म्हणजे प्रकाशणे, तसेच ऐटीत वावरणे. मिरवणुकीला तेथे ‘मेरवणिगे’ म्हणतात. तेलुगूत ‘मेरुपु’ म्हणजे वीज. आपले मिरवणे हे याच द्राविडी कुळातले दिसते. ज्या यादवांच्या राज्यात ज्ञानेश्वरी झाली, त्यांच्या शिलालेखांत मराठीबरोबर कन्नडही आढळते. दोन भाषा अशा एका अंगणात नांदत असता शब्दांची देवघेव व्हावयाचीच.

पुढे अर्थाने पाऊल उचलले. जे झळकते ते चारचौघांनी पाहावे, म्हणून देव मिरविला, नवरदेव मिरविला. वागणे-वागणूक, नेमणे-नेमणूक, त्याच चालीवर मिरवणूकही झाली. आणि मग माणूस स्वतःच स्वतःला मिरवू लागला: नथ मिरवावी, पदवी मिरवावी, आणि काहीच नसेल तर नुसता तोरा मिरवावा! आतले तेज आणि बाहेरचा थाट यांची फारकत झाली ती येथे.

या फारकतीचा एक दाखला द्वारकेच्या वेशीवरच आहे. 1772 साली मराठ्यांनी बादशहा शाहआलमला दिल्लीच्या तख्तावर आणून बसविले. त्याची सत्ता दिल्लीपासून पालमपर्यंतच, अशी थट्टा पुढे रूढ झाली. आणि ते पालम द्वारकेला खेटूनच आहे. तरीही त्याच बादशहाने दिलेला वकील-इ-मुतलक हा किताब आणि मानाची वस्त्रे घेऊन महादजी शिंदे 1792 मध्ये पुण्यास आले, आणि सवाई माधवरावांना ती मोठ्या समारंभाने अर्पण झाली. देणाऱ्याचे तेज मावळले होते. मिरवणे तेवढे उरले होते. दिल्लीची खरी सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते महादजी मात्र स्वतःस पाटील म्हणवून घेत.

म्हणून मिरवणे वाईट, असे कोणी समजू नये. परप्रांतात राहणाऱ्याला वर्षातून एकदा रस्त्यावर येऊन ‘आम्ही येथे आहो’ असे सांगावेसे वाटते, यात गैर ते काय? फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीच्या तालकटोरा मैदानावर अठ्ठ्याण्णवावे साहित्य संमेलन भरले, तेव्हा तेथील मराठी माणसाने आपली भाषा अशीच मिरविली. प्रश्न आहे तो दुसऱ्या दिवसाचा. मांडव उतरल्यावर घरातले मूल आजीशी कोणत्या भाषेत बोलते, यावर त्या मिरवण्याचा अर्थ ठरतो.

शिवाय, आपण ज्या शब्दाने आपले मराठीपण मिरवितो, तो शब्दच मुळात शेजारघरचा आहे. हे ध्यानी ठेवले, तर मिरवणुकीत चालताना मान ताठ राहील, पण ती वाकडी होणार नाही.