कॉन्झर्व्हेटरी: राखणीतल्या पोरांची कुळकथा

वनखात्यातला कॉन्झर्व्हेटर जंगल राखतो, म्हणून मराठीत तो वनसंरक्षक. विलायती मुरंब्याच्या बाटलीवर ‘कॉन्झर्व्ह’ छापलेलं असतं. तिथं साखरेच्या पाकात फळ राखलेलं असतं. थंड मुलखातले पैसेवाले लोक बंगल्याला लागून काचेची खोली बांधून घेतात, तीही कॉन्झर्व्हेटरीच. तिथं लिंबासंत्र्याची झाडं हिमापासून राखतात. मग ज्या कॉन्झर्व्हेटरीत पोरं पियानो आणि व्हायोलिन शिकतात, तिथं नेमकं काय राखतात?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: संगीताची परंपरा. ऐकायला छान, पण चूक. तिथं पोरं राखत. टाकलेली, उपाशी, चर्चच्या पायऱ्यांवर झोपणारी पोरं. पॅरिस, मॉस्को इथल्या नामांकित संगीतशाळांच्या पाटीवर हा जो शब्द दिमाखात झळकतो, त्याचं माहेर म्हणजे इटलीतल्या नेपल्सचे अनाथाश्रम.

नेपल्सला तिथले लोक नापोली म्हणतात. सोळाव्या शतकात इथं स्पेनच्या राजाचे व्हाइसरॉय कारभार बघत. खेड्यांतून कर आणि दुष्काळ यांना कंटाळलेली माणसं शहरात लोटत होती आणि तटाबाहेर घरं बांधायला सरकारची मनाई होती. म्हणून तटाच्या आतच मजल्यावर मजले चढत गेले. युरोपातल्या सगळ्यांत मोठ्या शहरांत नेपल्सची गणना व्हायला लागली, आणि सगळ्यांत दाटीच्या शहरांतही. या दाटीत आईबाप गेलेल्या पोरांना विचारणारं कोणी नव्हतं. त्यांना उचलून आणून चार भिंतींत ठेवायचं, दोन वेळा खायला घालायचं, धर्माचे धडे द्यायचे आणि हाताला एखादं काम शिकवायचं, यासाठी जी धर्मादाय घरं निघाली त्यांना ‘कॉन्सेर्वातोरिओ’ म्हणत. इटालियनमध्ये ‘कॉन्सेर्वारे’ म्हणजे जपणं, राखणं. मुलींसाठीही अशी घरं होती. तिथं राखायची वस्तू म्हणजे त्यांची अब्रू. पण आपल्या गोष्टीतली घरं मुलग्यांची, आणि ती चार.

पहिलं बंदराजवळचं सांता मारिया दि लोरेतो, 1537 चं. मग 1578 मध्ये सांतोनोफ्रिओ आणि 1583 मध्ये पिएता देई तुर्किनी. ‘तुर्किनी’ म्हणजे निळे. तिथल्या पोरांचे झगे निळे असत म्हणून हे नाव. प्रत्येक घराचा झगा वेगळा, त्यामुळे रस्त्यानं चाललेलं पोर कुठलं ते लांबूनच कळे. चौथं घर 1589 मध्ये मार्चेल्लो फोस्सातारो नावाच्या फ्रान्सिस्कन पंथातल्या माणसानं काढलं. हा कालाब्रियाहून आलेला. त्यानं भुकेली पोरं गोळा केली, त्यांच्यासाठी दारोदार भीक मागितली, आणि घराला नाव दिलं ‘येशू ख्रिस्ताचे गरीब’. इतकं सरळ नाव आज कुठल्याही संस्थेला सुचणार नाही.

सुरुवातीला या घरांत संगीत फारसं नव्हतंच. शिंपीकाम, चांभारकाम असलं काहीतरी शिकवून पोराला एखाद्या कारागिराच्या हाताखाली लावून द्यायचं, असा रिवाज होता. सतराव्या शतकात कारभाऱ्यांच्या लक्षात एक साधा हिशेब आला. नेपल्समध्ये चर्चं शेकडो, रोज कुठं ना कुठं सण, मिरवणूक, लग्न, मयत. प्रत्येक ठिकाणी गाणारे हवेत. कात्री चालवणाऱ्या पोरापेक्षा गाणारं पोर लवकर कमावतं आणि घराची चूलही पेटती ठेवतं. मग गाणं शिकवायला मास्तर नेमले गेले. कलेच्या प्रेमापोटी हे घडलं असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नये. हा पोटाचा उद्योग होता.

पोरांच्या टोळ्या ठरवून बाहेर जात; त्यांना ‘परांझे’ म्हणत. झगे घालून, रांगेनं, वाद्यं काखोटीला मारून ती चर्चमध्ये पूजेला उभी राहत. घरातलं मूल गेलं की आईबाप कॉन्सेर्वातोरिओतून पोरं मागवत. पंख लावलेली, देवदूताच्या वेशातली लहान पोरं त्या इवल्या शवपेटीपुढं गात चालत. स्वतः अनाथ असलेल्या सात-आठ वर्षांच्या पोरानं दुसऱ्याच्या मेलेल्या लेकरासाठी देवदूत व्हायचं, आणि त्याचे पैसे घरच्या पेटीत जमा व्हायचे. आपल्याकडे वार लावून जेवणारी आणि माधुकरी मागून शिकलेली एक पिढी होऊन गेली. तिच्या आठवणी वाचलेल्या माणसाला हे चित्र फार परकं वाटणार नाही.

आतलं वातावरण कसं होतं याचा एक चक्षुर्वैसत्यम वृत्तांत आपल्याकडे आहे. चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतज्ञ 1770 च्या शरद ऋतूत सांतोनोफ्रिओत जाऊन आला. जिन्याच्या पहिल्या टप्प्यावर एक पोरगा फुटेपर्यंत तुतारी फुंकत होता, दुसऱ्या टप्प्यावर दुसरा हॉर्न घेऊन हंबरत होता. वरच्या खोलीत सात-आठ हार्पसिकॉर्ड, त्याहून जास्त व्हायोलिनं आणि काही गळे, सगळे एकाच वेळी, प्रत्येकाचं काहीतरी वेगळं, वेगळ्या पट्टीत. त्याच खोलीत काही जण बसून लिहीत होते. पोरांचे पलंगही तिथंच. वाजवायला बसायचं तेही त्या पलंगांवरच. तीस-चाळीस पोरांत एकच चीज वाजवणारे बर्नीला फक्त दोघं सापडले. चेलोवाले दुसऱ्या खोलीत, बासरी-ओबोवाले तिसऱ्या. तुतारी आणि हॉर्न यांना मात्र जिना नाही तर गच्ची. हिवाळ्यात उजाडायच्या दोन तास आधी उठायचं ते रात्री आठपर्यंत, मध्ये जेवणाला दीड तास. सुट्टी वर्षातून एकदा, शरदात, तीही थोडेच दिवस. बर्नी गेला ते नेमके सुट्टीचे दिवस होते आणि बरीच पोरं गैरहजर होती. म्हणजे हा सगळा गोंगाट कमी हजेरीतला.

एवढ्या कल्लोळात आपला सूर धरून ठेवायला शिकलेला माणूस पुढं कुठल्याही नाटकगृहात डगमगणार नाही, हे उघड आहे. पण नुसत्या गोंगाटानं संगीतकार घडत नाहीत. या घरांतली खरी युक्ती शिकवण्याच्या पद्धतीत होती. मास्तर थोडे, पोरं फार. म्हणून मास्तर थोरल्या मुलांना शिकवी आणि थोरली मुलं धाकट्यांना. या छोट्या मास्तरांना ‘मास्त्रिचेल्ली’ म्हणत. आधी पुष्कळ दिवस नुसती सरगम, तिथल्या शब्दात सोल्फेज्जो. मग पार्तिमेंतो. म्हणजे कागदावर खालच्या सुरांची फक्त एक ओळ, क्वचित तिच्यावर आकडे. वरचं सगळं मुलानं हार्पसिकॉर्डवर बसून तिथल्या तिथं रचायचं. अमुक चढण आली की तमुक जोड, उतरण आली की अशी गाठ, असे साचे शेकड्यांनी बोटांत बसवलेले. दोन ओळींची बंदिश हातात देऊन ‘आता बढत कर’ म्हणणारा आपला उस्ताद आणि हा नेपल्सचा मास्तर एकमेकांना लगेच ओळखतील. फरक एवढाच, की नेपल्सच्या पोरानं रचलेलं पुढं कागदावर उतरायचं आणि त्याचा ऑपेरा व्हायचा.

दोमेनिको चिमारोझाचंच बघा. बाप गवंडी. कापोदिमोंते राजवाड्याच्या बांधकामावरून पडून गेला. आई लोकांचे कपडे धुणारी. पोराला 1761 मध्ये लोरेतोत घेतलं. एकतीस वर्षांनी, 1792 मध्ये, याच चिमारोझाचा ‘इल मात्रिमोनिओ सेग्रेतो’ हा ऑपेरा व्हिएन्नात झाला. बादशहा लिओपोल्डला तो इतका आवडला, की त्यानं सगळ्या मंडळींना जेवू घातलं आणि त्याच रात्री ऑपेरा पहिल्यापासून पुन्हा करायला लावला, असं सांगतात. बाकीचे नावाजलेले संगीतकारही याच घरांतले: पेर्गोलेसी ‘येशू ख्रिस्ताच्या गरिबां’तला, पाइझिएल्लो सांतोनोफ्रिओतला. पोर्पोराही ‘गरिबां’तलाच. म्हातारपणी तो व्हिएन्नात शिकवण्या करत असताना एक होतकरू पोरगा त्याचं सामानसुमान बघायचा आणि शिकवणीच्या वेळी साथ करायचा. रचनेचा खरा पाया आपण पोर्पोराकडे शिकलो, असं त्या पोरानं पुढं सांगितलं. त्याचं नाव जोसेफ हायडन. आणि फ्रान्समध्ये तत्त्वज्ञ रूसो आपल्या संगीतकोशात तरुणाला सल्ला देत होता: अंगात प्रतिभा आहे की नाही हे बघायचं असेल, तर ऊठ आणि नेपल्सला जा.

या वैभवाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून पुढं जाता येत नाही. सांतोनोफ्रिओत बर्नीला आवाज फुटू नये म्हणून खच्ची केलेली सोळा मुलं दिसली. त्यांना वरच्या मजल्यावर, उबदार खोल्यांत वेगळं ठेवलं होतं, कारण सर्दी झाली तर गळा जाईल. बाकीची पोरं कुडकुडली तरी चालत होतं. या मुलांच्या गळ्याला ऑपेरात सोन्याचा भाव होता आणि तेवढ्यासाठी गरीब घरांतून पोरं या शस्त्रक्रियेला दिली जात. चर्चच्या कायद्यानं ती गुन्हा, आणि गाणारे मात्र चर्चमध्येच उभे. ती होते कुठं, हे बर्नीनं गावोगावी विचारलं. मिलानवाले म्हणाले व्हेनिसला, व्हेनिसवाले म्हणाले बोलोन्याला, बोलोन्यावाल्यांनी आणखी पुढचं गाव दाखवलं. नेपल्समध्येही बोट दुसरीकडेच. राखणीच्या घरात राखलं काय जात होतं, याचं हेही एक उत्तर आहे. मला ते विसरता येत नाही.

अठराव्या शतकात ही घरं बदलत गेली. फी भरून राहणारी मुलं वाढली, अनाथ कमी झाले. ‘येशू ख्रिस्ताचे गरीब’ 1743 मध्ये बंद झालं आणि तिथं पाद्री घडवायची शाळा आली. 1797 मध्ये लोरेतो आणि सांतोनोफ्रिओ एक झाले. पण तोवर शब्द आल्प्स ओलांडून गेला होता. चर्चच्या मालमत्ता जप्त करणाऱ्या क्रांतीच्या फ्रान्सनं 3 ऑगस्ट 1795 रोजी कायदा करून संगीताची सरकारी शाळा काढली. मुलगे-मुली दोन्ही, पाद्री एकही नाही. नाव मात्र ठेवलं ‘कॉन्सर्वातुआर’. पाद्र्यांच्या अनाथाश्रमाचं नाव देव न मानणाऱ्यांनी घेतलं, कारण एव्हाना त्या नावाचा अर्थ ‘जिथं उत्तम संगीत शिकवतात ती जागा’ एवढाच उरला होता. मग प्राग 1811, व्हिएन्ना 1817, लाइपझिग 1843 अशी शाळांची रांगच लागली. नेपोलियनचा भाऊ जोसेफ नेपल्सच्या गादीवर असताना, 1807 मध्ये, उरलेली घरंही एकत्र करून टाकली गेली. आणि गंमत अशी, की त्या एकत्र शाळेचं नाव पडलं ‘राजेशाही संगीत कॉलेज’. ऑपेरा रचणारा बेल्लीनी शिकला तो या कॉलेजात.

पुण्यात 1909 मध्ये निघालेलं अनाथ विद्यार्थी गृह आज पुणे विद्यार्थी गृह आहे. तिथं काम चालू राहिलं आणि ‘अनाथ’ शब्द गळला. नेपल्सच्या शब्दाचं बरोबर उलटं झालं: शब्द जगभर फिरला आणि त्यातले अनाथ गळाले.

नेपल्सची ती एकत्र शाळा 1826 मध्ये सान पिएत्रो आ मायेल्ला नावाच्या जुन्या मठात गेली. अजून तिथंच आहे, आणि आता पाटीवर कॉन्सेर्वातोरिओ हेच नाव आहे. चिमारोझा, पेर्गोलेसी, बेल्लीनी यांची हस्तलिखितं तिथल्या ग्रंथालयात आहेत. नेपल्सला जाणारे आपले लोक पिझ्झा खातात आणि पॉम्पेईची गाडी पकडतात. तुम्ही गेलात तर गाडी पकडण्याआधी एक तास काढा. दांते चौकातल्या मेट्रोतून वर या, पोर्ताल्बाच्या कमानीखालून पुस्तकांच्या दुकानांवरून पुढं जा, बेल्लीनी चौक ओलांडा की दार येतं. खिडक्या उघड्या असल्या तर आत जायची घाई करू नका. गल्लीतच उभे राहा आणि एकाच वेळी किती वेगवेगळ्या चिजा ऐकू येतात ते मोजा.