मुसीच्या माथ्यावरचे फुटलेले बांध

28 सप्टेंबर 1908 ची मुसीची 'तुगयानी' आपल्या हैदराबादी मराठी घरांत निघते तेव्हा अफजलगंजच्या दवाखान्यातलं चिंचेचं झाड हटकून येतं. त्यावर चढून दीडशे माणसं वाचली म्हणतात. मी पडलो मूळचा इंजिनिअर. माझं लक्ष शहराच्या वर, खेड्यापाड्यांतल्या मातीच्या बांधांकडे जातं. त्यांचं काय झालं?

याची मोजदाद मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी करून ठेवली आहे. खडकवासल्याच्या स्वयंचलित दारांमुळे पुणेकरांना ठाऊक असलेले हे गृहस्थ मुंबई इलाख्याची नोकरी सोडून 1909 मध्ये निजाम सरकारच्या बोलावण्यावरून इथे आले. शहराच्या वरच्या 862 चौरस मैलांच्या पाणलोटात त्यांना 788 तलाव आढळले, म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. त्यांतले 221 फुटले होते. 182 तर एकट्या ईसीच्या खोऱ्यातले.

हे तलाव सुटे नव्हते. वरच्याच्या सांडव्याचं पाणी खालच्यात उतरायचं. तेलुगूत याला गोलुसुकट्टु म्हणतात, साखळीतले तलाव. एरवी फार शहाणपणाची रचना. पण मातीच्या बांधाला माथ्यावरून वाहणारं पाणी सोसत नाही. आधी बाहेरचा उतार कुरतडला जातो, मग माथ्याला खाच पडते आणि बघता बघता खाचेचं खिंडार होतं. त्या वेळी शमशाबादला 24 तासांत 12.8 इंच पाऊस पडला. वरचा बांध गेला की खालच्या तलावावर पावसाचं पाणी तर येतंच, शिवाय अख्खा वरचा तलाव येतो. एवढ्यासाठी कुणी सांडवा बांधलेला नसतो.

आजचं वर्गीकरण बघा. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरमधली धरणं लांबी, साठा, पूर, पाया अशा अटींपैकी एखादीत बसली तर. गावच्या तलावाचा बांध बहुधा 10 मीटरच्या आतच, म्हणजे यादीबाहेर. भारतीय मानक 11223 मध्ये 'लहान' धरण म्हणजे 5 लाख ते 1 कोटी घनमीटर साठा किंवा 7.5 ते 12 मीटर पाण्याची उंची, आणि सांडवा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरापुरता. आकडे चुकीचे नाहीत. पण तक्ता एकेका बांधाचा आहे, साखळीला त्यात रकाना नाही. नोकरीत मीही उंची आणि साठा भरून मोकळा होत असे. वरच्या अंगाला कोणता तलाव आहे, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

विश्वेश्वरय्यांच्या योजनेतून मुसीवर उस्मानसागर आणि ईसीवर हिमायतसागर झाले. शहराला आधार मिळाला. लहान तलाव मात्र होते तिथेच राहिले. 13 ऑक्टोबर 2020 च्या रात्री त्याच शमशाबादजवळ, गगनपहाडला, अप्पा चेरुवु फुटला आणि बेंगळुरू महामार्गावरच्या गाड्या वाहून गेल्या. त्याच पावसाळी आठवड्यात बालापूरच्या बाजूचा गुर्रम चेरुवुही फुटला.

आपल्यातल्या बऱ्याच घरांत देशपांडे-कुलकर्ण्यांची जुनी दप्तरं अजून आहेत. त्यांत तलावाच्या दुरुस्तीचे, सांडव्याचे किंवा पाणीवाटपाचे कागद असतील तर मंडळाला जरूर कळवा. कुठला तलाव कुठल्या तलावात उतरतो, याचा नकाशा मी करायला घेतला आहे.